कळसूबाईची उंची नव्हे, उतार सांभाळा

सोलापूर-पुणे महामार्गावरचे मोडनिंब हे सपाटीवरचे गाव. नजर जाईल तिथवर ज्वारीची, उसाची शेते आणि माळ. डोंगर म्हणावा असा उंचवटा आसपास नाही. अशा गावातून कोणी कळसूबाईला जायचा बेत केला की घरातून पहिला प्रश्न येतो, "एवढ्या उंचावर दम लागेल, झेपेल का?" प्रश्न काळजीचा आहे, पण रोख चुकतो. महाराष्ट्राच्या या सर्वोच्च शिखरावर जाणाऱ्या माणसाला त्रास होतो तो बहुधा उंचीमुळे होत नाही. अपुरी झोप, कमी पडलेले पाणी, अंगावर सुकलेला घाम, उतरताना थरथरणारे पाय आणि परतीचा प्रवास हे खरे धोके आहेत. त्यातला प्रत्येक धोका घरून निघण्याआधी कमी करता येतो.

डोंगर एकच, दगडही तोच

कळसूबाई अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात आहे. उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. पायथ्याला बारी हे गाव. मोडनिंबहून करमाळा, नगर, संगमनेर, अकोले, राजूर असे गेले तर तीनशे किलोमीटरहून जास्त प्रवास होतो. शिखर आणि आसपासचे जंगल कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येते. खालच्या उतारांवर आणि घळींत हिरडा, बेहडा, जांभूळ, आंबा अशी झाडे, करवंदीच्या जाळ्या आणि कारवीची दाटी. वर जावे तसे झाड खुजे होत जाते आणि माथ्याजवळ गवत व उघडा कातळ उरतो. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. माथ्यावर कळसूबाईचे छोटे देऊळ आहे. हवा स्वच्छ असेल तर तिथून अलंग, मदन, कुलंग हे किल्ले आणि भंडारदऱ्याचे पाणी दिसते.

मोडनिंबच्या माणसाला हा मुलूख परका वाटला तरी पायाखालचा दगड ओळखीचाच आहे. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. भाकरीची चवड रचावी तसे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. कळसूबाईचा कातळ याच थरांचा आणि मोडनिंबची काळी माती हाच दगड झिजून झालेली. या थरांचा कल दक्षिणेकडे किंचित उतरता आहे. त्यामुळे एक मजेशीर गोष्ट घडते. भूशास्त्रज्ञांनी सगळ्यांत आधीच्या थरांच्या गटाला कळसूबाईचेच नाव दिले आहे, तर सोलापूरकडचे थर त्यानंतरच्या गटात मोडतात. म्हणजे राज्यातला सर्वांत उंच डोंगर जुन्या दगडाचा, आणि त्याच्यापेक्षा हजार मीटर खाली असलेले आपले शिवार मात्र नव्या दगडावर.

पावसाचे गणित उलटे आहे. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीला अडून वर चढते, गार होते आणि तिच्यातले बाष्प तिथेच पडते. भंडारदऱ्याजवळच्या घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो. डोंगर ओलांडून पूर्वेला उतरणारी हवा पुन्हा तापते, ढग विरतात आणि माढा तालुक्याच्या वाट्याला पाचशे-सहाशे मिलिमीटर येतात. पर्जन्यछायेत राहणाऱ्या माणसाला म्हणूनच सह्याद्रीतल्या पावसाचा, धुक्याचा आणि ओल्या कातळाचा सराव नसतो. गावात कडक ऊन आहे म्हणून डोंगरावरही असेल, हा अंदाज पावसाळ्यात हमखास फसतो.

उंची किती, आणि ती करते काय?

मोडनिंबची उंची समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे मीटर. कळसूबाईचा माथा त्याहून सुमारे साडेअकराशे मीटर वर. उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो. समुद्रकिनाऱ्यावरचा दाब १०० धरला तर मोडनिंबला तो सुमारे ९४ आणि कळसूबाईवर सुमारे ८२ भरतो. हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण सगळीकडे २१ टक्केच असते. पण हवाच विरळ असल्याने एका श्वासात आत जाणारा ऑक्सिजन मोडनिंबच्या तुलनेत १३ टक्क्यांनी कमी होतो.

हा आकडा मोठा वाटतो, पण निरोगी शरीर तो सहज पचवते. श्वास थोडा खोल होतो, नाडी थोडी वाढते, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरचा आकडा एक-दोन अंकांनी खाली येतो, एवढेच. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही विरळ हवेच्या आजाराची लक्षणे सहसा अडीच हजार मीटरच्या वर दिसू लागतात. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथे विमानाने उतरणाऱ्याला ही काळजी घ्यावी लागते. कळसूबाईला नाही. श्रीनगर शहर जवळपास १६०० मीटरवर वसलेले आहे आणि तिथे लाखो माणसे रोजचे व्यवहार करतात. तेव्हा कळसूबाईवर कोणाचे डोके दुखू लागले तर कारण उंचीत शोधू नये. पाणी, ऊन, रिकामे पोट आणि झोप यांकडे आधी पाहावे.

उंचीने जाणवणारा फरक असतो तो गारव्याचा. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. मोडनिंबला ३० अंश असतील, तर त्याच हवेत माथ्यावर २२-२३ असतील, आणि वर वारा असेल तर त्याहून कमी जाणवेल.

रक्तातली विरळ हवा

डोंगरावरची हवा १३ टक्के ऑक्सिजन कमी देते. त्याहून मोठी तूट अनेकजण घरूनच सोबत नेतात. ऑक्सिजन वाहून नेण्याचे काम रक्तातले हिमोग्लोबिन करते. ज्या बाईचे हिमोग्लोबिन १२ ऐवजी ८ आहे, तिच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता तेहेतीस टक्क्यांनी कमी असते. कळसूबाईच्या विरळ हवेपेक्षा ही तूट अडीचपट आहे. सपाटीवर घरकाम, शेतकाम करताना ती ध्यानात येत नाही, कारण शरीर हळूहळू सवय करून घेते. सलग चढ लागला की छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ‘वय झाले’ किंवा ‘डोंगर बाधला’ असे समजले जाते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणून ट्रेकच्या तयारीत बुटांच्या खरेदीआधी हिमोग्लोबिनची तपासणी यावी. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. आकडा कमी निघाला तर कारण शोधून, डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घेऊन दोन-तीन महिन्यांनी बेत करावा. डोंगर तिथेच असतो.

चढाचा हिशेब भाकरीत

बारीपासून माथ्यापर्यंत सुमारे नऊशे मीटरचा चढ आहे. एक मजला तीन मीटरचा धरला तर हे तीनशे मजले होतात. सत्तर किलोचा माणूस स्वतःला एवढे वर उचलतो तेव्हा प्रत्यक्ष काम होते ते फक्त दीडशे कॅलरींचे. पण स्नायू काही आदर्श यंत्र नव्हे. जाळलेल्या इंधनाचा चौथा-पाचवा हिस्साच कामाला येतो, बाकीचे उष्णतेत जाते. त्यामुळे चढाईला सहाशे ते साडेसातशे कॅलरी खर्च होतात. पंच्याहत्तर ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत अडीचशेच्या आसपास कॅलरी असतात. म्हणजे चढ साधारण तीन भाकरींचा.

या हिशेबातून दोन गोष्टी कळतात. पहिली, खाण्याचा डोंगर पाठीवर न्यायची गरज नाही. सोलापूरची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दोन-चार केळी हा उत्तम शिधा आहे. कडक भाकरी हलकी असते, लवकर विटत नाही, पोटाला हळूहळू ऊर्जा देते आणि तिचा कचराही उरत नाही. दुसरी, सत्तर-ऐंशी टक्के इंधन उष्णता होऊन बाहेर पडते. ती बाहेर टाकायला शरीर घाम गाळते आणि इथून पाण्याचा प्रश्न सुरू होतो.

चढताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. साध्या चालीच्या माणसाला वर जायला तीन ते चार तास आणि उतरायला दोन ते तीन तास लागतात. तेव्हा माणशी तीन लिटर पाणी जवळ हवे. त्यातला एक लिटर जलसंजीवनीचा असावा. घरी करायची तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण पक्के ठेवावे. चवीसाठी लिंबू पिळायला हरकत नाही. मीठ जास्त झाले तर उलटी होते. नुसते साधे पाणीच लिटरच्या लिटर ढोसणेही बरे नाही. त्याने रक्तातले सोडियम उतरून गळल्यासारखे, गोंधळल्यासारखे होऊ शकते. तहान लागेल तसे, घोट-घोट, अधूनमधून मीठ-साखरेचे पाणी, हा साधा नियम पुरतो. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडते आहे.

चालीचा वेग ठरवायला घड्याळ लागत नाही. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येते आहे तोवर वेग बरोबर. दोन शब्दांत धाप लागली तर वेग जास्त. गटातल्या सर्वांत सावकाश माणसाच्या चालीने सगळ्यांनी चालावे. तरुणांनी पुढे पळायचे आणि मागच्याने धापा टाकत गाठायचे, या खेळात थांबण्याची विश्रांती पुढच्यांना मिळते, मागच्याला कधीच मिळत नाही.

ऊन, वारा आणि वीज

मार्च ते मे या काळात उघड्या कातळावर दुपारी उष्माघाताची भीती असते. पहाटे चढायला लागून ऊन तापण्याआधी खाली यावे. चालताना कोणी असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग चटका बसेल इतके तापले तर तो थकवा नव्हे. तिथेच सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतत वारा घालावा आणि मदत बोलवावी. आधी थंड करणे, मग हलवणे, हाच क्रम.

पावसाळ्यातला धोका बरोबर याच्या उलट असतो. तापमान पंधरा-सोळा अंश असले तरी भिजलेले कपडे आणि जोराचा वारा अंगातली ऊब भराभर खेचून घेतात. सुती कपडा एकदा भिजला की वाळत नाही. माथ्यावर पोचल्यावर घामाने ओला झालेला सदरा बदलायला एक कोरडा कपडा प्लास्टिकच्या पिशवीत असलाच पाहिजे. कोणी सतत कुडकुडू लागला, बोटांनी बटण लावता येईना, तर त्याला आडोसा, कोरडे कपडे आणि गोड काहीतरी द्यावे. दारू देऊ नये. तिने ऊब आल्याचा भास होतो, पण कातडीकडे रक्त जाऊन अंग आणखी गार पडते.

वळिवाच्या आणि परतीच्या पावसात विजेचा धोका मोठा. उघडा माथा, लोखंडी शिड्या, आडोसा नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. ध्वनीला एक किलोमीटरला साधारण तीन सेकंद लागतात. मोजणी तिसाच्या आत आली, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची आपल्याजवळ पडू शकते. माथा आणि लोखंड सोडून खाली सरकावे, एकट्या झाडाखाली थांबू नये. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास गेल्याशिवाय पुन्हा वर जाऊ नये. माथा शंभर पावलांवर राहिला असला तरी.

पायी वारी वेगळी, उतार वेगळा

पंढरपूर जवळ असल्याने पायी वारी करणारी माणसे माढा तालुक्यात घरोघरी सापडतील. पंधरा-वीस किलोमीटर चालणे त्यांना नवीन नाही. ‘एवढे चालतो, मग डोंगर काय अवघड?’ हा त्यांचा सवाल रास्त आहे. वारीने हृदय, फुप्फुसे आणि तळपाय नक्कीच तयार होतात. तयार होत नाही ती एकच गोष्ट, ती म्हणजे उतरण्यासाठी लागणारी मांडी.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराला आवरून धरतो. गाडीच्या ब्रेकसारखे हे काम आहे. यात दम लागत नाही, म्हणून उतार सोपा वाटतो. पण ताणाखाली काम करताना स्नायूचे सूक्ष्म तंतू दुखावतात. दीड-दोन तासांच्या उताराने मांड्या थरथरू लागतात, पाऊल हवे तिथे पडत नाही आणि सुट्या मुरमावर किंवा ओल्या पायरीवर घसरण होते. पाय मुरगळणे, मनगट मोडणे हे प्रकार म्हणून उतरतानाच जास्त घडतात, माथा सर झाल्याच्या आनंदात.

गुडघ्यावरचा भारही उतरताना वाढतो. जर्मनीत काही रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यात मोजणीची सूक्ष्म उपकरणे बसवून हा भार प्रत्यक्ष मोजला गेला. सपाटीवर चालताना तो शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट, जिना चढताना तिपटीहून थोडा जास्त आणि जिना उतरताना साडेतीनपटीच्या घरात निघाला. साठ किलोच्या माणसाच्या गुडघ्यावर प्रत्येक पायरीला दोनशे किलो. पाठीवरची पिशवी दोन किलोने हलकी केली तर गुडघ्यावरचे सहा-सात किलो उतरतात.

उतरताना पावले छोटी टाकावीत, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा, उड्या मारू नयेत. दोन्ही हातांत काठ्या असतील तर भाराचा काही हिस्सा हातांवर जातो. शिडी उतरताना तोंड शिडीकडे करावे आणि दोन्ही हात मोकळे ठेवावेत, मोबाइल खिशात.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखणे स्वाभाविक आहे. दुखणे २४ ते ७२ तासांत सर्वाधिक असते आणि आपोआप जाते. हलके चालत राहावे. पाणी कमी प्यायलेले असताना वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत, मूत्रपिंडावर ताण येतो. दुखणे असह्य असेल आणि लघवी चहाच्या कोऱ्या रंगाची होऊ लागली, तर स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटल्याची ती खूण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

जंगलात भ्यायचे कशाला?

अभयारण्यात बिबट्या आहे, पण दिवसा गटाने चालणाऱ्याच्या वाटेला तो जात नाही. जास्त जपायचे ते आग्या मोहोळाला. कड्यांवर आणि उंच झाडांवर ही मोठी पोळी असतात. धूर, दगड, आरडाओरडा आणि उग्र अत्तराने माश्या चवताळतात. हल्ला झाला तर तोंड-डोके कपड्याने झाकून दूर जावे. बसून राहू नये. काटे नखाने किंवा चपट्या वस्तूने, पण लगेच काढावेत. ओठ-जीभ सुजली, श्वास घरघरला तर ती जिवावरची ॲलर्जी आहे.

दगडांच्या सांदीत फुरसे, विंचू असतात. न पाहता हात घालू नये, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट घालावेत. साप चावल्यास जखम कापणे, चोखणे, करकचून बांधणे यातले काहीही करू नये. अवयव हलू न देता दवाखाना गाठावा. प्रतिविष हाच उपाय. १०८ आणि ११२ हे क्रमांक सगळ्यांना पाठ असावेत, पण डोंगरात सगळीकडे मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. म्हणून बारीतला वाटाड्या सोबत असणे ही चैन नव्हे. त्याला वाट, पाणी, हवा आणि दवाखान्याचा जवळचा रस्ता माहीत असतो, आणि गावात चार पैसेही राहतात.

आणखी एक पाहुणा डोळ्यांना दिसत नाही. गवत-झुडपांतल्या अगदी बारीक किडीच्या चाव्यातून स्क्रब टायफस हा ताप होतो. २०१८ मध्ये विदर्भात त्याचे बरेच रुग्ण आढळले होते. चावल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते आणि काहींच्या काखेत, जांघेत किंवा पोटावर विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते. वेळेवर ओळखले तर साध्या, स्वस्त गोळ्यांनी बरा होतो. उशीर झाला तर गंभीर होतो. मोडनिंबला परतल्यावर तीन आठवड्यांत ताप आला तर ‘जंगलात जाऊन आलो’ हे एक वाक्य डॉक्टरांना सांगावे. ते वाक्य ऐकल्याशिवाय सपाटीवरच्या दवाखान्यात या आजाराचा संशय येणे कठीण.

सर्वांत मोठा धोका रस्त्यावर

सपाटीवरच्या गटांचा ठरलेला बेत असा असतो: दिवसभर काम, रात्री गाडी काढायची, पहाटे पायथा, सकाळी चढाई, दुपारी उतरून लगेच परत, रात्री घरी. सुट्टी वाचते. पण गाडी चालवणारा सलग छत्तीस तास जागा राहतो.

ऑस्ट्रेलियातले संशोधक ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये याविषयीची मोजणी प्रसिद्ध केली. सलग १७ तास जागे राहिल्यावर हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका घसरतो आणि २४ तासांनंतर ०.१० टक्के मद्याइतका. भारतात वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे दारूचा थेंबही न घेतलेला, नऊशे मीटर चढून-उतरून आलेला चालक संध्याकाळी कायद्याच्या मर्यादेच्या तिप्पट प्यायल्यासारखा गाडी चालवत असतो. चहा आणि मोठ्याने लावलेली गाणी झोपेचे कर्ज फेडत नाहीत. त्यातून डुलकी दोन-तीन सेकंदांची असली तरी ऐंशीच्या वेगात गाडी तेवढ्यात पन्नास-साठ मीटर जाते.

उपाय एकच. एक रात्र पायथ्याशी, बारीत किंवा भंडारदऱ्याला मुक्काम करून पहाटे चढावे, आणि जमल्यास उतरल्यावरही एक रात्र थांबून दुसऱ्या दिवशी उजेडात परतावे. ते शक्य नसेल तर डोंगर न चढलेला, झोप झालेला चालक सोबत न्यावा.

सहा आठवड्यांची तयारी, गावातच

मोडनिंबला डोंगर नाही, पण शाळेचा, सोसायटीचा, देवळाचा जिना आहे. कॅनॉलचा भराव आहे. तयारीला एवढे पुरते. पंधरा सेंटिमीटरच्या पायऱ्या धरल्या तर कळसूबाईचा चढ सहा हजार पायऱ्यांचा. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड दोनशे पायऱ्या चढाव्यात आणि, मुख्य म्हणजे, सावकाश उतराव्यात. दर आठवड्याला दोन-तीनशे वाढवत सहाव्या आठवड्यात दीड हजारावर यावे. शेवटचे दोन आठवडे पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन. सोबत आठवड्यातून एकदा दोन तास सलग चालणे. उतरण्याचा सराव स्नायूला एकदा झाला की पुढच्या वेळी तोच उतार त्याला फारसा दुखवत नाही, आणि हा फायदा काही आठवडे टिकतो. म्हणून निघण्याच्या आठ-दहा दिवस आधीचा जिन्याचा सराव सर्वांत मोलाचा. शेवटचे तीन दिवस मात्र विश्रांती.

चाळिशी ओलांडलेल्या आणि व्यायामाची सवय नसलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह, दमा असणाऱ्यांनी, अँजिओप्लास्टी झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर चढाईत आणि त्यानंतरच्या रात्रीही घसरू शकते. खिशात गूळ-साखर हवी आणि औषधाची मात्रा आधी विचारून घ्यावी. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांबाबतही तसेच. चढताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अचानक गार घाम आला तर ‘गॅस झाला’ म्हणून पुढे जाऊ नये. तिथेच बसवावे आणि चालवत नव्हे, उचलून खाली आणावे.

ठरवलेल्या वेळी माथा आला नाही तर तिथूनच परतायचे, हे निघण्यापूर्वी गटाने ठरवून घ्यावे. दुपारी एकची वेळ त्यासाठी ठीक आहे. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो आणि शिड्या उजेडातच उतरायच्या असतात. पहिल्या शिडीपर्यंत जाऊन परत आलेल्यालाही हिरड्याच्या सावलीतली गार हवा आणि बारीतले गरम जेवण मिळतेच. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पाऊस ओसरल्यावर उतारांवर सोनकी आणि तेरडा फुललेला असतो आणि वाट बऱ्यापैकी कोरडी होत आलेली असते. त्या सुमारास जायचे असेल, तर गणपतीच्या आधी जिना चढायला लागावे.